चर्चसाठी भांडायचं आणि चर्चकडूनच ऐकून घ्यायचं : मॉर्मन अपॉलॉजिस्टांची गोची

सॉल्टलेकवासी

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहायचं म्हटलं की मॉर्मन शेजारी आलेच, आणि ते आले की दारात कुकीज, रविवारचं आमंत्रण आणि अधूनमधून धर्मावर गप्पा हेही आलंच. सोन्याच्या पाट्या, बहुपत्नीत्व वगैरेवर नेटवर ढिगाने लिहिलेलं आहे, ते उगाळत बसत नाही. मला त्यांच्यातल्या एका वेगळ्याच जमातीबद्दल लिहायचंय, अपॉलॉजिस्ट. म्हणजे चर्चवर कोणी टीका केली की तळटीपा, हिब्रू व्याकरण, मेसोअमेरिकेचे नकाशे असलं सगळं घेऊन उत्तर द्यायला धावणारे लोक. आमच्या शेजारचे एक रिटायर्ड काका त्यातलेच. बेसमेंटमधल्या कपाटात फार्म्स रिव्ह्यू या अपॉलॉजिस्टांच्या नियतकालिकाचे अंक वर्षावार लावलेत आणि समासात पेन्सिलीने बारीक शेरे.

मॉर्मनांचं हे चर्च १८३० साली जोसेफ स्मिथने अमेरिकेत काढलं. प्राचीन अमेरिकेतल्या लोकांची कहाणी सांगणारा बुक ऑफ मॉर्मन हा त्यांचा धर्मग्रंथ आपण सोन्याच्या पाट्यांवरून भाषांतरित केला असं तो सांगायचा. सर्वात वर प्रेसिडेंट, त्यालाच प्रॉफेट मानतात, त्याचे दोन सल्लागार (हे तिघे मिळून फर्स्ट प्रेसिडेन्सी), त्याखाली बारा अपोस्टल (प्रेषित). ही मंडळी बरीचशी वकील, डॉक्टर, बिझनेसवाली. रसेल नेल्सन हार्ट सर्जन होते, डॅलिन ओक्स युटाच्या सुप्रीम कोर्टात जज्ज होते. धर्मशास्त्राची डिग्री लागत नाही, कारण वरून थेट मार्गदर्शन मिळतं ही श्रद्धा. अपॉलॉजिस्टांचं नेमकं उलटं. त्यांच्याकडे इजिप्तॉलॉजी, अरबी, मानववंशशास्त्र यांचे पीएचडीवाले आहेत पण अधिकार शून्य. म्हणजे ज्याला अधिकार आहे तो उत्तर देत नाही आणि जो उत्तर देतो त्याला अधिकार नाही. सगळी भानगड इथून सुरू होते.

आता २०१२ चा किस्सा. फार्म्स ही संस्था १९७९ मध्ये जॉन वेल्च नावाच्या वकिलाने काढली, स्वतंत्र होती, लोकांच्या देणग्यांवर चालायची. १९९७ मध्ये प्रेसिडेंट हिंकलींनी तिला चर्चच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत बोलावून घेतलं. केवढा मान! २००६ मध्ये नाव झालं मॅक्सवेल इन्स्टिट्यूट. डॅनियल पीटरसन हे तिथले अरबीचे प्रोफेसर १९८९ पासून त्या रिव्ह्यूचे संपादक, टीकाकारांची सालं काढण्यात पटाईत. जून २०१२ मध्ये ते परदेशात फिरत असताना त्यांना इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरचा ईमेल आला की आता संपादकपदी तुम्ही नाही. तेवीस वर्षं ज्या अंकासाठी खपले तिथून ईमेलने निरोप. त्या सुमारास जॉन डेहलिन या टीकाकार पॉडकास्टरबद्दल एक लांबलचक लेख छापायचा होता तोही थांबला, आणि त्यामागे वरच्या कोणा अधिकाऱ्याचा हात होता असं तेव्हा पेपरात आलं. पीटरसनांनी दोन महिन्यांच्या आत इंटरप्रिटर नावाचं नवीन जर्नल काढलं, तेही चर्चच्याच बचावासाठी. गंमत म्हणजे डेहलिनला चर्चने २०१५ मध्ये बहिष्कृत केलं. म्हणजे टीकाकारही बाहेर आणि त्याला उत्तर देणाराही दाराबाहेर.

माझं म्हणणं असं की हा एका संपादकाचा इगो किंवा ऑफिस पॉलिटिक्स नव्हतं. अपॉलॉजिस्टचं कामच असं आहे की तो जितका चांगला करेल तितका वरिष्ठांना अडचणीचा ठरेल. कारण बचाव करायचा म्हणजे आधीच्या कुठल्या तरी प्रॉफेटचं बोलणं "ते त्यांचं वैयक्तिक मत होतं" म्हणून बाजूला सारावं लागतं. आणि एकदा ते हत्यार बाहेर काढलं की उद्या ते आजच्या प्रॉफेटलाही लागू पडतं हे वरच्यांना बरोब्बर कळतं. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काका

वाखूण साठवली. म्हणजे हे आपल्या पक्षप्रवक्त्यांसारखं झालं की. रात्री चॅनेलवर घसा फोडून सांगायचं की त्यांच्याबरोबर कदापि जाणार नाही आणि सकाळी उठून टीव्ही लावावा तर साहेबांचा शपथविधी उरकलेला. परत दहा वाजता त्याच चॅनेलवर बसून हे आधीपासूनच ठरलेलं कसं होतं ते समजवायचं :ड

अनुस्वार

काका, उपमा मस्त पण एक फरक आहे. प्रवक्त्याला पक्षाने नेमलेलं असतं आणि मागे विधान परिषदेचं गाजर तरी असतं. या लोकांना नेमलंय कोणी? स्वतःहून उभे राहिलेत. त्यामुळे उत्तर चाललं तर चर्चचा फायदा, नाही चाललं तर चर्च म्हणणार हे आमचं अधिकृत मत नाही. वरिष्ठांसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? उलट फार्म्सला युनिव्हर्सिटीत घेऊनच त्यांनी पायावर धोंडा मारून घेतला, आता आतला माणूस बोलला की ते चर्च बोलल्यासारखंच दिसणार.

सॉल्टलेकवासी

@अनुस्वार, एकदम बरोबर, आणि याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे कुमोरा टेकडी. बुक ऑफ मॉर्मनमध्ये शेवटची मोठी लढाई कुमोराला होते, लाखो माणसं मरतात. न्यूयॉर्क राज्यात पाल्मायराजवळ एक टेकडी आहे, चर्चच्या मालकीची, स्मिथला पाट्या सापडल्या ती. कित्येक प्रेसिडेंट आणि अपोस्टल व्यासपीठावरून सांगत आले की लढाईची टेकडी हीच, तिथे १९३७ पासून दर उन्हाळ्यात शेकडो कलाकारांचा भव्य प्रयोग व्हायचा. पण तिथे खोदून ना तलवारी ना हाडं. मग जॉन सोरेन्सन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ च्या पुस्तकात सगळा भूगोल मेक्सिकोच्या तेहुआंतेपेक संयोगभूमीच्या आसपास बसवला, लढाईची कुमोरा तिकडेच, आणि न्यूयॉर्कची टेकडी वेगळी. फार्म्सवाल्यांनी हेच उचलून धरलं.

१९९० मध्ये फर्स्ट प्रेसिडेन्सीच्या सेक्रेटरीने कुणाच्या तरी चौकशीला लेखी उत्तर दिलं की चर्च पूर्वीपासून न्यूयॉर्कची टेकडीच मानत आलेलं आहे. झालं! अपॉलॉजिस्टांच्या इतक्या वर्षांच्या कामावर एका पत्राने पाणी. टीकाकारांनी ते पत्र नाचवलं. मग १९९३ मध्ये त्याच ऑफिसातून फार्म्सला दुसरं पत्र, की निश्चित असा भूगोल सांगता येत नाही वगैरे. दोन पत्रं, एकच ऑफिस. आमचे काका दुसऱ्या पत्राबद्दल तासभर बोलू शकतात, पहिल्याचा विषय निघाला की चहा (हर्बल, साधा चहा मॉर्मनांना चालत नाही!) आणायला उठतात.

मी_अशी_का

मला एक कळत नाही, जर अपॉलॉजिस्ट चर्चच्याच बाजूचे तर वरिष्ठांनी खूश व्हायला पाहिजे ना? फुकट वकील मिळालेत.

तर्कट

कसले वकील, थापेबाज आहेत सगळे. बुक ऑफ मॉर्मनमध्ये घोड्याचा उल्लेख आला तर म्हणणार तो घोडा नाही टॅपिर (डुकरासारखा दिसणारा प्राणी) असेल. असल्या लोकांना हाकललं यात दु:ख कसलं मानायचं.

सॉल्टलेकवासी

@तर्कट, टॅपिरवर हसू येतंच, मलाही येतं, पण सरसकट थापेबाज म्हणणं अन्याय आहे. उलट सामान्य मॉर्मनाला स्वतःच्या चर्चचा खरा इतिहास आधी कोणी सांगितला असेल तर या लोकांनी. बघा, चर्चच्या चित्रांत स्मिथ टेबलाशी बसून सोन्याच्या पाट्यांवर बोट ठेवून भाषांतर करतोय असं दाखवायचे. प्रत्यक्षात साक्षीदारांनी लिहून ठेवलंय की तो हॅटमध्ये एक खडा टाकायचा, हॅटमध्ये तोंड खुपसायचा आणि शब्द सांगायचा, पाट्या कापडात गुंडाळून बाजूला. जोसेफ फील्डिंग स्मिथ हे पुढे प्रेसिडेंट झालेले गृहस्थ तर खडा वापरला हे मानायलाच तयार नव्हते. अपॉलॉजिस्टांच्या लिखाणात मात्र हा खडा कधीचाच होता, कारण टीकाकाराला उत्तर द्यायचं तर त्याने दाखवलेला कागद खोटा म्हणता येत नाही. चर्चने स्वतः अधिकृत वेबसाइटवर असल्या विषयांवरचे निबंध टाकायला २०१३ उजाडावं लागलं आणि खड्याचा फोटो छापला २०१५ च्या ऑगस्टमध्ये. चॉकलेटी रंगाचा, अंड्याएवढा.

@मी_अशी_का, म्हणूनच खूश नसतात. वकील अशिलाला सांगतो की हे कागद कोर्टात येणारच आहेत, आपणच आधी दाखवू. अशिलाला ते नको असतं. बॉइड पॅकर नावाच्या अपोस्टलने १९८१ मध्ये इतिहासाच्या शिक्षकांना सुनावलं होतं की खऱ्या असलेल्या सगळ्याच गोष्टी काही उपयोगाच्या नसतात. आणि याच पॅकरांनी १९९३ च्या मे महिन्यात चर्चला तीन धोके सांगितले, समलिंगी चळवळ, स्त्रीवादी चळवळ आणि तथाकथित स्कॉलर. चार महिन्यांत सहा जणांवर शिस्तीची कारवाई.

वसईकर

छान चाललंय. मी कॅथलिक, आमच्याकडे या रोगाचा इतिहास मॉर्मनांपेक्षा बराच जुना आहे त्यामुळे राहवत नाही.

आल्फ्रेड ल्वाझी, फ्रेंच धर्मगुरू. जर्मनीतल्या हार्नाक नावाच्या प्रोटेस्टंट विद्वानाने मांडलं की येशूची शिकवण साधी होती, चर्च वगैरे डोलारा नंतरचा. त्याला उत्तर म्हणून ल्वाझीने १९०२ साली पुस्तक लिहिलं, म्हणजे बाजू आमचीच घेतली. पण बाजू घेताना मान्य केलं की हो, चर्च काळाच्या ओघात वाढत बदलत आलं आणि तसंच ते जिवंत राहू शकतं. रोमला हा बचाव शत्रूच्या हल्ल्यापेक्षा भयंकर वाटला. १९०३ मध्ये पुस्तकं बंदीच्या यादीत, १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांचं मॉडर्निझमविरोधी (धर्म काळाप्रमाणे बदलतो म्हणणाऱ्या विचाराविरुद्ध) परिपत्रक, १९०८ च्या मार्चमध्ये ल्वाझी बहिष्कृत. हार्नाकचं कुणी काय केलं? काही नाही, तो आमचा नव्हताच.

आणि आपल्याजवळचं म्हणाल तर रॉबर्ट द नोबिली, जेसुइट या कॅथलिक संघातला इटालियन धर्मगुरू. १६०५ मध्ये गोव्याला उतरला, तिथून मदुराईला. भगवी वस्त्रं, जानवं, शाकाहार, संस्कृत आणि तमिळ शिकून ब्राह्मणांशी वाद. त्याचं म्हणणं जानवं ही सामाजिक खूण आहे, धार्मिक नाही, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्याने ठेवलं तर बिघडत नाही. हिंदूंपेक्षा त्याला जास्त त्रास दिला तो स्वतःच्याच लोकांनी. पहिली तक्रार मदुराईतल्याच जेसुइट सहकाऱ्याने केली. १६१९ मध्ये गोव्यात आर्चबिशपांच्या पुढ्यात सभा भरली तिथे त्याने लेखी बाजू मांडली, आर्चबिशप ठाम विरोधात. शेवटी १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे १७४४ मध्ये दुसऱ्या पोपने त्या पद्धतींचा बराचसा भाग परत बंद केला. म्हणजे आज बरोबर, उद्या चूक, माणूस तोच.

खवचट_काका

ल्वाझीचं वाचून वाईट वाटलं राव. बिचाऱ्याने घरच्यांसाठी भांडण केलं आणि घरच्यांनीच घर बंद केलं.

सातारी_तडका

आमच्याकडे बरंय, हेड ऑफिसच नाही. कुणाशी भांडणार? चार शंकराचार्यांचं आपसात जमलं तर पुढचं बोलू.

संपादक_मंडळ

सातारी_तडका, धागा मॉर्मन आणि ख्रिस्ती चर्चबद्दल आहे, तिथेच राहू द्या. शंकराचार्यांवर वेगळा धागा काढा, तिथे काय व्हायचं ते होऊ दे. चालू द्या.

नगरी_मुलगी

आमच्या नगरचे रेव्हरंड टिळक आठवले. ना. वा. टिळक म्हणजे शाळेत फक्त फुलांच्या कविता म्हणून माहीत असतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम, मिशनच्या ज्ञानोदय या पत्राच्या मराठी भागाचं संपादन, ख्रिस्ती कीर्तनं, आणि भजनं तर अशी की आजही आमच्या मंडळीत दर रविवारी म्हणतो. मराठी माणसासमोर ख्रिस्ताची बाजू त्यांच्याइतकी कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही, तुकोबांचा हात धरून मांडली. पण तेच त्यांचं आणि मिशनचं दुखणं झालं. त्यांना वाटायचं ख्रिस्त इथल्या मातीतला दिसला पाहिजे, आणि मिशन म्हणजे पगार, बंगला, कमिट्या, गोरे साहेब ठरवणार आणि देशी लोक राबवणार. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला, देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालतील असं ठेवलं. विचार करा १९१७ मध्ये! १९१९ च्या मे महिन्यात गेले, दरबार पुरता उभा राहायच्या आतच.

एक सांगते, त्यांच्या बाबतीत बहिष्कार वगैरे काही झालं नाही, मिशनरी त्यांना मानत होते, प्रेमही होतं. त्यामुळे पीटरसन, ल्वाझी यांच्या रांगेत त्यांना सरळ बसवू नका. पण बाजू मांडणारा जेव्हा श्रोत्यांची भाषा बोलायला लागतो तेव्हा ऑफिसला तो परका वाटायला लागतो, हे मात्र तसंच.

वसईकर

@नगरी_मुलगी, तुमचं शेवटचं वाक्य नोबिलीलाही लागू. टिळकांना मी ल्वाझीपेक्षा नोबिलीजवळ बसवेन.

अनुस्वार

धाग्याच्या मूळ मुद्द्यावर येतो. सॉल्टलेकवासी म्हणतात जितका चांगला बचाव तितकी अडचण. मला वाटतं उलटंही होतं, आणि ते जास्त क्रूर आहे. अपॉलॉजिस्ट निष्ठेने बचाव करतो आणि वरिष्ठ धोरणच बदलतात. कृष्णवर्णीयांना मॉर्मन चर्चमध्ये प्रीस्टहूड (पुरोहितपद) मिळत नव्हतं ना, १९७८ पर्यंत? त्याच्या समर्थनार्थ लोकांनी काय काय थिअरी लढवल्या असतील.

सॉल्टलेकवासी

हो, केनच्या (बायबलमधला भावाचा खून करणारा) शापापासून ते पूर्वजन्मात (त्यांच्याकडे जन्माआधीचं आत्म्याचं आयुष्य मानतात) कमी निष्ठा दाखवली इथपर्यंत. मात्र त्या थिअरी फक्त अपॉलॉजिस्टांच्या नव्हत्या, खुद्द वरिष्ठांनी सांगितल्या होत्या. ८ जून १९७८ ला बंदी उठली, आणि डिसेंबर २०१३ च्या निबंधात चर्चने त्या सगळ्या थिअरी नाकारल्या. मध्ये पस्तीस वर्षं ज्यांनी त्या घोकल्या त्यांना कुणी फोन करून सांगितलं नाही की थांबा.

ताजं उदाहरण हवं तर नोव्हेंबर २०१५. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना लहानपणी बाप्तिस्मा नाही असं धोरण आलं, तेही आतल्या मॅन्युअलमधून फुटलं म्हणून कळलं. नेटवर हलकल्लोळ. बचाव करणाऱ्यांनी रात्रीत लेख लिहिले, मुलाला घरात एक आणि चर्चमध्ये एक असं ऐकावं लागू नये म्हणून ही उलट दयाच आहे वगैरे. जानेवारी २०१६ मध्ये नेल्सननी जाहीर भाषणात सांगितलं की हा प्रॉफेटला झालेला साक्षात्कार आहे. एप्रिल २०१९ मध्ये, नेल्सन स्वतः प्रेसिडेंट असताना, धोरण मागे. आता ते जुने लेख लिहिणाऱ्याने काय करावं? काढून टाकले तर पळपुटा, ठेवले तर आजच्या धोरणाच्या विरोधात.

आणि नावाचा घोळ तर विचारूच नका. चर्चने स्वतः २०११ च्या आसपास "मी मॉर्मन आहे" म्हणून टाइम्स स्क्वेअरपर्यंत जाहिराती लावल्या, २०१४ मध्ये "मीट द मॉर्मन्स" नावाचा सिनेमा काढला. फेअर ही दुसरी अपॉलॉजिस्ट संस्था, १९९७ ची, तिनेही आपलं नाव फेअरमॉर्मन करून घेतलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये नेल्सन व्यासपीठावरून म्हणाले की मॉर्मन हे टोपणनाव वापरणं म्हणजे सैतानाचा मोठा विजय! फेअरवाल्यांनी निमूटपणे नाव, डोमेन, लोगो सगळं परत बदललं.

खवचट_काका

सैतानाचा विजय आणि डोमेनचे पैसे वाया :ड :ड

तर्कट

मग निष्कर्ष काय, वरिष्ठ वाईट आणि अपॉलॉजिस्ट बिचारे? माझा त्या लोकांवरचा राग कमी होत नाही. त्यांनी वेळच्या वेळी वरिष्ठांना सुनावलं असतं तर लोकांना कळायला २०१३ उजाडलं नसतं.

सॉल्टलेकवासी

सुनावलं होतं एकाने, आणि तो साधासुधा नव्हता, स्वतः जनरल अथॉरिटी, म्हणजे चर्चच्या वरच्या अधिकाऱ्यांपैकी होता. बी. एच. रॉबर्ट्स, त्यांचा त्या काळातला सगळ्यात मोठा अपॉलॉजिस्ट. १९२१ मध्ये कोणा वाचकाचे प्रश्न आले, इतक्या थोड्या काळात नेटिव्ह अमेरिकनांच्या इतक्या भाषा कशा झाल्या, कोलंबसाआधी घोडे कुठून आले, पोलाद कुठून आलं. उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर नाहीये. मग १४१ पानांचं टिपण तयार केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये फर्स्ट प्रेसिडेन्सी आणि बारा अपोस्टलांसमोर बसून वाचून दाखवलं, की बाबांनो, पुढची पिढी हे विचारणार आहे, आत्ताच काहीतरी ठरवा. समोरच्यांनी काय केलं? एकेकाने उठून बुक ऑफ मॉर्मन खरं आहे अशी साक्ष दिली. प्रश्न होते तिथेच राहिले. रॉबर्ट्स किती निराश झाले ते त्यांनी प्रेसिडेंट ग्रँटना पत्रात कळवलंय. तरीही मरेपर्यंत चर्चमध्येच राहिले आणि जाहीर भाषणांत बुक ऑफ मॉर्मनची बाजू मांडतच राहिले. @तर्कट, यांना कुठल्या खान्यात टाकणार?

तर्कट

हम्म. हे माहीत नव्हतं. ते टिपण वाचायला मिळेल का कुठे?

सॉल्टलेकवासी

साठेक वर्षं दाबूनच होतं, १९८५ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. त्यांनी आणखी सविस्तर लिहिलेला अभ्यासही त्यातच आहे. आता त्यावरून दुसरं युद्ध, रॉबर्ट्सची श्रद्धा शेवटी उरली होती का नव्हती. दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं.

मी_अशी_का

आणि ते मॅक्सवेल इन्स्टिट्यूट? पीटरसन गेल्यावर काय झालं?

सॉल्टलेकवासी

ते शांत, अकॅडेमिक वळणाला लागलं. इतर विद्यापीठांतल्या लोकांनाही वाचता येईल असं लिखाण, तलवारबाजी बंद. तर २०१८ च्या नोव्हेंबरात अपोस्टल जेफ्री हॉलंड तिथे भाषणाला आले आणि श्रद्धेचं रक्षण हेही तुमचं काम आहे याची आठवण करून देऊन गेले. २०२१ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीत शिक्षकांपुढे तर मस्केट बंदुकीची उपमा, एका हातात बांधकामाची थापी आणि दुसऱ्या हातात रक्षणाची बंदूक असं पाहिजे म्हणे. आता २०१२ ला बंदूक काढून घेतली कोणी, हे विचारायची सोय नाही.

वसईकर

आमच्याकडे निदान उशिरा का होईना मान मिळतो. न्यूमन या इंग्लिश कॅथलिक धर्मगुरूला १८६७ मध्ये पोपच्या दरबारातल्या एका मॉन्सिन्योरने (मानाचा किताब असलेला धर्मगुरू) इंग्लंडमधला सर्वात धोकादायक माणूस म्हटलं होतं. १८७९ मध्ये तो कार्डिनल, २०१९ मध्ये संत, आणि २०२५ मध्ये पोप लिओनी त्याला चर्चचा आचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) केलं. मॉर्मनांकडे मेल्यावर प्रमोशनची अशी काही सोय आहे का?

सॉल्टलेकवासी

आहे की. रॉबर्ट्सनी आयुष्याच्या शेवटी एक मोठा ग्रंथ लिहिला होता, त्यात आदमच्या आधीही पृथ्वीवर माणसं असावीत असं मांडलेलं. अपोस्टलांच्या कमिटीने हा भाग काढा म्हणून सांगितलं, यांनी काढला नाही, १९३१ मध्ये वरून हुकूम आला की हा विषय बंद. १९३३ मध्ये रॉबर्ट्स वारले. १९९४ मध्ये तोच ग्रंथ ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने छापला, आदमच्या आधीच्या माणसांसकट.